तोच अल्बम, पुन्हा पुन्हा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळच्या टपालातले बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरत होते: वर्षानुवर्षे ऐकला तरी पुरेना असा अल्बम आणि तो ऐकताना येणाऱ्या अडचणी. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न: काही अल्बम वीस-वीस वर्षे ऐकले तरी ताजे वाटतात. काही मात्र पहिल्या आठवड्यात वेड लावतात आणि महिन्याभरात नकोसे होतात. असे का?

ओळखीच्या गोष्टीकडे मन झुकते, हे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवले. डॅनियल बर्लाइन यांनी त्यापुढची बाजू मांडली. ओळख वाढेल तशी गोडी वाढत जाते, एका उंचीला पोचते आणि मग उतरू लागते. साध्या, एकाच ठळक धूनवर उभ्या असलेल्या गाण्याचा चढ लवकर संपतो, कारण त्यातले सगळे पहिल्या पाच वेळांतच कानात बसते. ज्यात एकाखाली एक थर आहेत त्याचा चढ लांबत जातो. म्हणून पहिल्यांदा 'ठीक आहे' वाटलेला अल्बमच पुष्कळदा टिकतो.

मात्र थर नुसते असून भागत नाही, ते ऐकावे लागतात. एखादा अल्बम शिळा वाटू लागला तर पुढच्या खेपेला गायकाकडे पूर्ण दुर्लक्ष करा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त बेसचा पाठलाग करा. त्यापुढच्या खेपेला फक्त तालवाद्य धरा. मग डावीकडच्या आणि उजवीकडच्या स्पीकरमध्ये काय काय वेगळे ठेवले आहे ते पाहा. ध्वनिमुद्रकाने एखादे वाद्य हेतुपुरस्सर मागे ढकललेले असते आणि ते शोधायला हेडफोनपेक्षा स्पीकर बरे पडतात. कडव्याच्या शेवटी स्वर सुटल्यावर खोलीचा घुमारा किती वेळ रेंगाळतो, हेही ऐकण्यासारखे असते.

दुसरा उपाय मात्रेचा. लाडक्या अल्बमला काम करताना पार्श्वभूमीला लावून ठेवू नका. तसे ऐकताना लक्ष फक्त ठळक जागांवर पडते आणि नेमक्या त्याच जागा झिजतात. त्याऐवजी एकाच रचनेची दोन वादने जवळ ठेवा. पियानोवादक ग्लेन गूल्डने बाखचे गोल्डबर्ग व्हेरिएशन्स १९५५ मध्ये सुमारे ३८ मिनिटांत वाजवले आणि १९८१ मध्ये त्यालाच सुमारे ५१ मिनिटे घेतली. एक ऐकून मन भरले की दुसरे लावायचे. परतून आल्यावर पहिले पुन्हा नवे वाटते.

प्रश्न: आवडत्या अल्बमची नवी 'रीमास्टर्ड' (ध्वनी नव्याने घडवलेली) आवृत्ती ऐकतो. आवाज स्वच्छ आहे, पण चार गाण्यांनंतर डोके जड होते आणि बंद करावेसे वाटते. जुन्या सीडीने असे होत नव्हते.

दोष तुमच्या कानांचा नसावा. १९९० च्या दशकापासून अनेक अल्बमचा आवाज लिमिटर (टोके दाबणारे साधन) लावून अधिकाधिक मोठा करण्याची चढाओढ लागली. डिजिटल ध्वनीला वरची एक ठाम मर्यादा असते, तिच्यापलीकडे जाता येत नाही. मग मोठे करायचे कसे? ढोलाचे ठोके, तारेवरचा आघात यांसारखी टोके कापायची आणि उरलेले सगळे वर उचलायचे. हळू आणि मोठा यांतले अंतर त्यात नाहीसे होते. कानाला विसावा मिळायच्या जागाच उरत नाहीत, म्हणून शीण येतो.

खात्री करायची पद्धत सोपी आहे, फक्त एक पथ्य कडक पाळायचे. दोन्ही आवृत्त्यांतले एकच गाणे संगणकावर कुठल्याही ध्वनिसंपादकात उघडा. जुन्यात लाटांचे उंचवटे-खोलगे दिसतील, नव्यात वरून-खालून रंधा मारल्यासारखी पट्टी दिसली तर निदान झाले. पण चित्रावर निकाल देऊ नका, ऐकून द्या, आणि ऐकण्याआधी दोन्हींची पातळी सारखी करा. जास्त मोठा आवाज कुणालाही आधी चांगलाच वाटतो, एक डेसिबलचा फरकही मत फिरवायला पुरतो. संपादकात दोन्ही फाइलींची सरासरी पातळी एलयूएफएसमध्ये (कानाला आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचे एकक) मोजा आणि मोठी असेल ती तेवढ्या डेसिबलने खाली आणा. समजा नवी -८ वर आणि जुनी -१४ वर निघाली, तर नवीला ६ डेसिबल उतरवायचे. आता तीस-तीस सेकंदांचे तुकडे आलटून पालटून ऐका. पातळी जुळल्यावर पुष्कळ 'दमदार' रीमास्टर सपाट आणि लहान वाटू लागतात. काही मात्र खरोखर सरस निघतात, विशेषतः मूळ टेपवरून नव्याने केलेले. रीमास्टर या शब्दालाच नाक मुरडण्यात अर्थ नाही.

ऑनलाइन सेवांत पातळी समान करण्याची सोय असते आणि ती साधारण -१४ एलयूएफएसच्या आसपास आणते. त्याने मोठे अल्बम खाली येतात, पण कापली गेलेली टोके परत येत नाहीत. स्वतःच्या संग्रहासाठी रीप्लेगेन (फाइलींची पातळी जुळवणारी सोय) वापरत असाल तर 'ट्रॅक' नव्हे, 'अल्बम' हा पर्याय निवडा. ट्रॅक निवडलात तर हळुवार गाणे वर उचलले जाते, जोरकस खाली दाबले जाते आणि कलावंताने ठरवलेला चढउतार पुसला जातो.

प्रश्न: दोन गाणी एकमेकांत मिसळतात अशा अल्बममध्ये मधे बारीकसा खंड पडतो. रसभंग होतो. इलाज?

आधी फाइल कोणत्या प्रकारची आहे ते पाहा. एमपी३ मध्ये ध्वनी ११५२ नमुन्यांच्या (सॅम्पलच्या) चौकटींत भरतात. एक चौकट म्हणजे साधारण २६ मिलिसेकंद. गाणे बरोबर चौकटीच्या टोकाला संपत नाही, म्हणून उरलेली जागा शांततेने भरली जाते. शिवाय एन्कोडर (एमपी३ फाइल बनवणारा प्रोग्राम) सुरुवातीलाही थोडी शांतता घालतो. लेमसारखा चांगला एन्कोडर ही भर किती ते फाइलीत नोंदवतो आणि ती नोंद वाचणारा प्लेअर तेवढा भाग वगळतो. नोंद नसेल किंवा प्लेअर ती वाचत नसेल तर खंड पडणारच. फ्लॅकमध्ये (ध्वनीतले काहीही न गाळता फाइल लहान करणाऱ्या प्रकारात) ही भानगड नाही. मूळ सीडी असेल तर सरळ फ्लॅकमध्ये पुन्हा उतरवून घ्या, ४५ मिनिटांचा अल्बम साधारण २५० ते ३०० एमबीत बसतो.

नंतर प्लेअरच्या सेटिंगमध्ये 'गॅपलेस' (गाण्यांमध्ये खंड न पाडणे) चालू आणि 'क्रॉसफेड' (एक गाणे विरत असतानाच दुसरे चढवणे) शून्य करा. या दोन गोष्टी एकच समजून क्रॉसफेड पाच सेकंदांवर ठेवणारे बरेच जण भेटतात. त्याने खंड जातो खरा, पण एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीखाली गाडला जातो. ब्लूटूथवर खंड पडत असेल तर तीच गाणी तारेच्या हेडफोनवर लावून पाहा, म्हणजे दोष फाइलीत आहे की जोडणीत ते कळेल.

आणि 'शफल' बंद असल्याची खात्री करा. काही अल्बमचा अर्थच क्रमात असतो. १९६७ चा 'कॉल ऑफ द व्हॅली' (शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा) एका मेंढपाळाच्या दिवसाप्रमाणे बांधलेला आहे: अहीर भैरवापासून सुरुवात आणि पहाडीवर अखेर. तो शफलवर लावला तर राग उरतात, दिवस उरत नाही. एलपीच्या (मोठ्या तबकडीच्या) काळातल्या अल्बमना आणखी एक विराम होता, बाजू उलटण्याचा. पहिल्या बाजूचे शेवटचे गाणे पडदा पाडण्यासाठी आणि दुसऱ्या बाजूचे पहिले गाणे तो पुन्हा उघडण्यासाठी निवडलेले असे. सीडीवर किंवा फाइलींतून ऐकताना तिथे एक-दोन मिनिटे थांबून पाहा. अल्बम लांबट वाटतो अशी तक्रार पुष्कळदा तेवढ्यावरच मिटते.

प्रश्न: गजराला माझे सर्वांत आवडते गाणे लावले होते. आता ते ऐकवत नाही.

गजर बदला. गाण्याची सुरुवात आणि झोपमोड यांची मनात गाठ बसली आहे. काही महिने ते गाणे बाजूला ठेवा, मग एकटे न ऐकता पूर्ण अल्बममध्ये त्याच्या जागी येऊ द्या. पहिल्या दोन-तीन सेकंदांनाच ती गाठ घट्ट असते, मागच्या गाण्याच्या ओघात आले की सैल पडते. रिंगटोनलाही हेच लागू.

प्रश्न: एलपीच्या प्रत्येक बाजूचे शेवटचे गाणे फाटते. 'स' आणि 'श' खरखरतात. पहिली गाणी उत्तम. रेकॉर्ड खूप वेळा वाजवली आहे, ती झिजली समजायची का?

झीज असू शकते, पण आधी बाकीच्या शक्यता वगळा. तबकडी एका मिनिटाला ३३⅓ फेरेच घेते, पण बाहेरचा फेरा मोठा आणि आतला लहान. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढाच ध्वनी निम्म्याहून कमी लांबीत कोंबावा लागतो. 'स'सारख्या उंच स्वरांचे वळसे तिथे इतके अरुंद होतात की सुईचे टोक त्यांत नीट बसत नाही. म्हणजे आतल्या भागाचा थोडासा त्रास एलपीच्या स्वभावातच आहे. बाजू २२-२४ मिनिटांच्या पुढे गेलेली असेल तर खाच लेबलाच्या आणखी जवळ पोचते आणि तो वाढतो.

पहिली चाचणी: क्वचित वाजवलेल्या दुसऱ्या एलपीचे शेवटचे गाणे लावा. तेही फाटत असेल तर दोष यंत्रात आहे. ते स्वच्छ असेल तर तुमच्या लाडक्या तबकडीची खाच दुखावली आहे आणि ती दुरुस्त होत नाही. अशा वेळी मायक्रोलाइन किंवा शिबाता घाटाची सुई कधी कधी मदतीला येते. तिचे टोक खाचेच्या भिंतीला वेगळ्या उंचीवर टेकते आणि तिथली भिंत अजून शाबूत असू शकते.

यंत्रात दोष असेल तर या क्रमाने जा. सुई भिंगाखाली पाहा. टोकावर राखाडी गोळा दिसला तर कोरड्या मऊ ब्रशने मागून पुढे, म्हणजे टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) मुळाकडून कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या डबीच्या) तोंडाकडे झाडा. आडवा ब्रश कधीच फिरवू नका, सुईचा दांडा वाकतो. मग सुईचा दाब छोट्या डिजिटल काट्यावर मोजा. काऊंटरवेटवरच्या (टोनआर्मच्या मागच्या वजनावरच्या) आकड्यांवर विसंबू नका. नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला बहुधा १.८ ते २.२ ग्रॅम लागतात, नेमका आकडा तिच्या माहितीपत्रकात असतो. कमी दाब म्हणजे कमी झीज, असा समज फार पसरला आहे आणि तो घातक आहे. दाब कमी पडला की सुई खाचेत न राहता भिंतींवर आपटते आणि रेकॉर्ड त्यानेच लवकर बिघडते. दिलेल्या मर्यादेतला वरचा आकडा सुरक्षित.

त्यानंतर कार्ट्रिजचा कोन. दोन बिंदूंचा प्रोट्रॅक्टर (कोन जुळवायची रेषांची पट्टी) तबकडीच्या जागी ठेवा. दोन्ही बिंदूंवर सुई टेकवली असता कार्ट्रिजची बाजू रेषांना समांतर दिसली पाहिजे. एका ठिकाणी जुळते आणि दुसऱ्या ठिकाणी नाही असे झाले तर हेडशेलचे (कार्ट्रिज बसते त्या भागाचे) स्क्रू सैल करून कार्ट्रिज मिलिमीटरभर पुढे-मागे सरकवा. 'फक्त शेवटचे गाणे फाटते' ही तक्रार बहुतेक वेळा इथेच सुटते. शेवटी अँटिस्केट (टोनआर्मची आत ओढ तोलणारा ताण), सुरुवातीला दाबाच्या आकड्याइतकाच ठेवा. फाटणे उजव्या चॅनेलमध्ये जास्त ऐकू आले तर किंचित वाढवा, डाव्यात आले तर कमी करा. आणि सुईचे आयुष्य ५०० ते १००० तासांचेच असते हे विसरू नका. रोज एक अल्बम धरला तर दोन-तीन वर्षांत सुईचे काय झाले ते तपासायलाच हवे.

स्वच्छतेबद्दलही याच पत्रांत विचारले होते. दर वेळी वाजवण्याआधी कार्बन फायबरचा ब्रश खाचेच्या दिशेने दोन फेरे फिरवा. ओली सफाई करायची तर डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात फोटोग्राफीच्या वेटिंग एजंटचे (पाणी सारखे पसरवणाऱ्या द्रवाचे) दोन-चार थेंब. नळाचे पाणी नको, त्यातले क्षार खाचेत बसतात. ७८ आरपीएमच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना अल्कोहोलचा थेंबही लावू नका, लाख विरघळते. सीडीचे मात्र उलटे. ती मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसायची, गोल फिरवून नाही, आणि जपायची ती लेबलची बाजू. चकाकणारा थर लेबलाच्या अगदी खाली, पातळ लाखेआड असतो.

प्रश्न: माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'बरोबर वाजवायला बसलो की पहिल्या तीन रचनांत माझे वाद्य किंचित उतरलेले वाटते. पुढच्या दोनांत बरोबर जुळते. वाद्य बिघडले का?

वाद्य ठीक आहे. तुमच्याकडे जुनी आवृत्ती आहे. त्या अल्बमचे ध्वनिमुद्रण १९५९ मध्ये दोन बैठकांत झाले. पहिल्या, म्हणजे मार्चमधल्या बैठकीत मुख्य टेप यंत्र जरा हळू फिरत होते. हळू भरलेली टेप योग्य वेगाने वाजवली की स्वर चढतो. म्हणून एलपीची पहिली बाजू वर्षानुवर्षे चढ्या स्वरात विकली गेली. त्या वेळी शेजारी चालू असलेल्या दुसऱ्या यंत्रावरची टेप योग्य वेगाची होती. ती वापरून १९९० च्या दशकात दुरुस्त आवृत्ती निघाली. ती घ्या, किंवा आहे तिचाच स्वर स्वतः उतरवा.

उतरवताना 'पिच शिफ्ट' वापरू नका, 'वेग बदला' हा पर्याय निवडा. मूळ चूक वेगाची आहे, तेव्हा स्वर आणि लय दोन्ही एकत्र उतरली पाहिजेत. ट्यूनरवर एखादा लांब धरलेला स्वर मोजा. अर्धस्वराचे १०० सेंट धरले तर अर्धा स्वर म्हणजे वेगात साधारण ६ टक्के, म्हणजे २० सेंट चढा असेल तर वेग सुमारे १.१५ टक्क्याने कमी करायचा. दोन-तीन ठिकाणी मोजून मगच बदला, कारण कलावंत मुद्दाम स्वर ओढतात तिथले मोजमाप फसवे असते. टर्नटेबलवर सगळ्याच रेकॉर्ड चढ्या किंवा उतरत्या ऐकू येत असतील तर मात्र दोष टर्नटेबलचा. स्ट्रोब तबकडी (वेग दाखवणाऱ्या रेघांची) ठेवून वेग तपासा, पट्टा सैल झाला असेल तर बदला.

प्रश्न: एका अल्बमची फक्त कॅसेट माझ्याकडे आहे, बाजारात दुसऱ्या रूपात मिळत नाही. आवाज मंद आणि दबका झाला आहे. संगणकावर कशी उतरवू?

एकुलती एक प्रत आहे, तेव्हा घाई नको. प्रथम कॅसेटच्या तोंडाशी डोकावून पाहा. टेपच्या मागे पितळी पट्टीवर फेल्टचा छोटा तुकडा असतो. तो टेपला हेडवर (ध्वनी वाचणाऱ्या भागावर) दाबून धरतो. जुना गोंद सुकून तो गळतो आणि मग आवाज दबका होतो, थरथरतो. टेप खराब झाली असे समजून लोक कॅसेट फेकून देतात, ती याच दोषासाठी. निकामी कॅसेटमधली पट्टी काढून बसवा, किंवा स्क्रूची कॅसेट असेल तर टेपची दोन्ही चाके दुसऱ्या चांगल्या डब्यात हलवा. चिकटवलेल्या डब्याची कड पातळ पात्याने हळूच उकलावी लागते.

नंतर कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षे पडून राहिलेली टेप थरांना चिकटते, वेटोळ्यांचा ताण विषम होतो. गाणे सुरू व्हायच्या आधीच त्याची पुसट चाहूल ऐकू येते, तीही लगतच्या वेटोळ्याचे चुंबकत्व उतरल्याने. एकदा फिरवल्याने ती थोडी कमी होते. ९० मिनिटांची टेप ६० च्या टेपपेक्षा पातळ, १२० ची तर फारच पातळ असते. ती जलद फिरवण्याऐवजी साध्या वेगाने वाजवतच पलीकडे न्या.

आता डेक. हेड आणि कॅपस्टन (टेप ओढणारा दांडा) आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, काडीवर तपकिरी डाग यायचा थांबेपर्यंत. रबरी पिंच रोलर (टेप कॅपस्टनवर दाबणारे चाक) साबणाच्या पाण्याने पुसून कोरडा करा. मग अझिमथ, म्हणजे हेडचा टेपशी होणारा कोन. तो बदलतो हेडशेजारचा स्प्रिंग असलेला स्क्रू. टेप वाजवत, आवाज मोनो करून, हा स्क्रू अगदी थोडा, एका वेळी आठवा भाग फेरा, फिरवा आणि झांजा, टाळ्या सर्वांत लखलखीत ऐकू येतील तिथे थांबा. कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याचा कोन वेगळा असतो, म्हणून प्रत्येक कॅसेटला ही जुळणी पुन्हा करावी लागते. दबक्या आवाजाचे हे दुसरे मोठे कारण. तिसरे म्हणजे डॉल्बी, टेपचा मागचा 'स्स्' आवाज (सरसर) कमी करणारी सोय. डॉल्बीशिवाय भरलेली टेप डॉल्बी चालू ठेवून वाजवली तर निस्तेज वाटते, आणि उलट केले तर ती सरसर वाढते.

संगणकात २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ पुरते. कॅसेटवर त्याहून जास्त उरलेले नसते. सर्वांत मोठ्या जागी पातळी -६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. एकदा कापले गेलेले टोक नंतर उतरवून परत येत नाही. पूर्ण बाजू एका दमात भरा, गाणी नंतर कापा. दोन्ही बाजू मिळून तासाभराची कच्ची फाइल सुमारे १ जीबी होते, फ्लॅकमध्ये जवळपास निम्मी. ही कच्ची प्रत तशीच, काहीही न करता, दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा. सरसर काढणे, आवाज उजळ करणे हे सगळे तिच्या नकलेवर. सरसर ६ ते ८ डेसिबलपेक्षा जास्त काढू नका. त्यापुढे गेलात की झांजा पाण्याखालून ऐकू आल्यासारख्या बुडबुडतात आणि तो बुडबुडा मूळच्या सरसरीपेक्षा कितीतरी लवकर कंटाळा आणतो.

प्रश्न: हेडफोनवर आवडता अल्बम रोज किती वेळ ऐकला तर कानांना अपाय नाही?

वेळ आणि आवाज दोन्ही एकत्र मोजायचे. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्यात ४० तास आहे, लहान मुलांसाठी ७५ डेसिबलला ४० तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. म्हणजे ४५ मिनिटांचा अल्बम ८९ डेसिबलवर आठवड्यात सहा वेळा ऐकला की कोटा जवळजवळ संपला. बऱ्याच फोनमध्ये हेडफोनची पातळी दाखवणारी सोय असते, ती चालू करा. गोंगाटात आवाज वाढवण्याऐवजी कान नीट बंद करणारे हेडफोन वापरा.

हळू लावले तर बेस नाहीसा होतो, ही तक्रार खरी आहे. कमी आवाजात आपले कान खालचे स्वर तुलनेने कमी टिपतात. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवले. रात्री हळू ऐकताना १०० हर्ट्झच्या खालचा भाग ३ ते ४ डेसिबल उचला आणि दिवसा तो बदल काढून टाका. काढायला विसरलात तर दुसऱ्या दिवशी तोच अल्बम गढूळ वाटतो.